ईआरपीत स्वतःचा रिपोर्ट लिहायचाय : प्रोग्रॅमिंगची सुरुवात कुठून करू?

खतावणी

नमस्कार मंडळी.

मी खरेदी विभागात नऊ वर्षं काम करते. आमच्याकडे एसएपीचं ईआरपी आहे, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. आधी त्याची ईसीसी ही जुनी आवृत्ती होती, दोन वर्षांपूर्वी एस/४हाना ही नवी आली. दिवसभर एमएम या खरेदी-मालाच्या मॉड्यूलमध्येच असते, त्यामुळे पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआर (मालाची आवक), इन्व्हॉइस (बिल) हे सगळं तोंडपाठ आहे. प्रोग्रॅमिंग मात्र कधी केलेलं नाही. एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्होटपर्यंत मजल आहे. मॅक्रो रेकॉर्ड करता येतो, लिहिता येत नाही.

दर महिनाअखेरीला मला एक यादी द्यावी लागते : माल आला, पण बिल अजून लागलेलं नाही असे पीओ, पुरवठादारानुसार, कबूल केलेल्या तारखेसकट. त्यासाठी तीन रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवते आणि जुळवत बसते. अर्धा दिवस जातो. एखादी ओळ सुटली की अकाउंट्सचा फोन येतोच. आयटीकडे रिपोर्ट मागितला होता, पण त्यांच्या रांगेत माझा नंबर फार मागे आहे. साहेब म्हणाले, शिकायची तयारी असेल तर डेव्हलपमेंट सिस्टिमचा अ‍ॅक्सेस मिळवून देतो. मी हो म्हटलंय.

महिनाभर रोज रात्री अबॅपचे, म्हणजे एसएपीच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे, व्हिडिओ पाहिले. दोन संख्यांची बेरीज, सम-विषम, तारकांचा त्रिकोण, सगळं जमलं. पण त्या त्रिकोणापासून माझ्या पीओपर्यंत वाट कशी जाते ते कुणी सांगत नाही. शिवाय भीती वाटते. माझ्या हातून काही बिघडलं तर? कुठून सुरुवात करू?

पूर्णविराम

खतावणी ताई, सतरा वर्षं अबॅप लिहितोय, त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्याकडे अवघड अर्धा भाग आधीच आहे. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना लूप लिहिता येतो, पण जीआर म्हणजे काय हे समजायला वर्ष जातं.

पहिला सल्ला कदाचित आवडणार नाही : एवढ्यात कोड लिहू नका. आधी एमबी५एस चालवून बघा. जीआर-आयआर (आवक आणि बिल) शिलकीचा तयार रिपोर्ट आहे तो, पीओनुसार आलेलं प्रमाण आणि बिल लागलेलं प्रमाण शेजारी शेजारी दाखवतो. तुमचं काम त्यात भागत असेल तर विषय संपला. भागत नसेल तर नेमकं काय कमी पडतं ते कागदावर लिहा. तो कागद म्हणजेच तुमच्या प्रोग्रॅमचा पाया. स्टँडर्डमध्ये, म्हणजे एसएपीने तयार दिलेल्यात, काय आहे हे न बघता कंपन्यांनी स्वतः लिहिलेले झेड रिपोर्ट मी शेकड्यांनी पाहिलेत. प्रत्येक अपग्रेडला ते कुणीतरी तपासत बसतं.

दुसरं, टेबलं. अबॅप हे नाव मुळात जर्मन आहे आणि त्याचा अर्थ 'अहवाल तयार करणारा सर्वसाधारण प्रोसेसर' असा होता. आता त्याचा इंग्रजी विस्तार वेगळा सांगतात, पण भाषा जन्माला आली ती रिपोर्टसाठी. म्हणून तिच्यात बेरीज-वजाबाकीपेक्षा टेबलातून ओळी उचलणं, त्या आतल्या टेबलात ठेवणं, फिरवणं आणि दाखवणं याला महत्त्व आहे. त्रिकोण काढून अबॅप येत नाही ते यामुळे.

खरेदीची टेबलं थोडीच आहेत. एक्को म्हणजे पीओचं डोकं, एक्पो म्हणजे ओळी, एकेटमध्ये डिलिव्हरीच्या तारखा आणि एक्बेमध्ये पीओचा सगळा इतिहास. नावं विचित्र वाटतील, कारण कंपनी १९७२ साली जर्मनीत सुरू झाली आणि फील्डची नावं त्या भाषेतल्या शब्दांची लघुरूपं आहेत. 'लिफ्नर' म्हणजे पुरवठादार क्रमांक, 'मेंगे' म्हणजे प्रमाण, 'वेर्क्स' म्हणजे प्लँट, 'बुक्रस' म्हणजे कंपनी कोड. हे चार शब्द कळले की निम्मं टेबल वाचता येतं. शब्द पाठ करू नका, टेबलातल्या ओळी दाखवणाऱ्या एसई१६एनमध्ये रोज स्वतःच्याच एका पीओचा नंबर टाकून चारही टेबलं उघडा. पडद्यावर रोज दिसणारं काय कुठे साठतं ते आपोआप बसत जाईल.

खतावणी

पूर्णविराम दादा, मनापासून आभार. एमबी५एस मी कधी उघडलाच नव्हता! नव्वद टक्के तेच आहे. पण त्यात कबूल केलेली तारीख नाही, आणि आमच्या यादीत मागणी करणारा विभाग लागतो, तोही नाही. म्हणजे रिपोर्ट लागणारच.

एक अडलं. पडद्यावरच्या फील्डवर एफ१ दाबून टेक्निकल माहिती पाहिली, तर तिथे जे नाव येतं त्या नावाचं टेबल एसई१६एनमध्ये उघडतच नाही.

रात्रपाळी

तिथे बहुतेक स्ट्रक्चरचं नाव येतं, टेबलाचं नाही. स्ट्रक्चर म्हणजे नुसता साचा, त्यात काही साठत नाही. एसई११मध्ये नाव टाकलं की ते टेबल आहे की स्ट्रक्चर ते कळतं.

अशा वेळी एसटी०५ वापरा. ट्रेस चालू करायचा, तुमचा नेहमीचा पीओ उघडायचा, ट्रेस बंद करायचा. मधल्या वेळात प्रोग्रॅमने कुठकुठल्या टेबलांना विचारलं ती यादी समोर येते. मी सपोर्टला आहे, कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्यांचा कोड वाचण्यात माझा दिवस जातो, आणि निम्मी उत्तरं मला एसटी०५ने दिली आहेत. परवानगी मात्र मागावी लागेल, सगळ्यांना देत नाहीत.

पिंपळपान

थोडं वेगळं मत मांडते. अबॅप फक्त एसएपीतच चालतं. शिकायचंच तर पायथन शिका. ओडू हे ईआरपी बघा, पायथन आणि पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवर उभं आहे, ओपन सोर्स आहे, घरच्या लॅपटॉपवर बसवता येतं. २००५मध्ये टायनीईआरपी म्हणून सुरू झालं, मग ओपनईआरपी, २०१४पासून ओडू. ईआरपीनेक्स्टही तसंच, पायथनवर, फ्रॅपे फ्रेमवर्कमध्ये. चुकलं तर डेटाबेस पुसून नवा करायचा, कुणाला विचारायला नको.

ओडूमध्ये बदल करायची पद्धत इतकी स्वच्छ आहे की ती एकदा समजली की बाकी कुठलंही ईआरपी समजायला सोपं जातं. तुमचं मॉड्यूल म्हणजे एक फोल्डर. त्यात तुम्ही सांगता की मूळ पीओचं मॉडेल मी वारशाने घेते आणि त्यात फक्त एक फील्ड वाढवते. मूळ फाइलला हात लागत नाही. एखादी कृती बदलायची असेल तर त्याच नावाचं फंक्शन लिहायचं आणि त्यात 'सुपर'ला बोलावून मूळ काम होऊ द्यायचं, मग आपलं करायचं. 'सुपर' विसरलात तर मूळ कामच बंद पडतं, नवशिक्यांची ही ठरलेली चूक आहे. मीही केली होती, पीओ मंजूर झाल्याचं दिसायचं, पण मालाची पावती तयारच व्हायची नाही.

पूर्णविराम

पिंपळपान, वारशाबद्दल शंभर टक्के सहमत. पण खतावणी ताईंचा प्रश्न त्यांच्या कचेरीतल्या एका यादीचा आहे. आपली सिस्टिम जी भाषा बोलते ती शिकावी. दुसरं ईआरपी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्सचं बिझनेस सेंट्रल असतं तर मी एएल शिका म्हटलं असतं, फायनान्स अँड ऑपरेशन्स असतं तर एक्स प्लस प्लस, नेटस्वीट असतं तर सूटस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्ट. भाषा बदलते, पण तुम्ही म्हणता ती गोष्ट सगळीकडे तीच आहे.

नव्या लोकांना मी खुंटीचं उदाहरण देतो. भिंत दुसऱ्याने बांधली आहे आणि जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. तुमचं सामान खुंटीला अडकवा, भिंतीला खिळा मारू नका. ओडूत वारसा ही खुंटी, बिझनेस सेंट्रलमध्ये इव्हेंट, एक्स प्लस प्लसमध्ये चेन ऑफ कमांड, एसएपीत यूझर एक्झिट आणि बॅडी. खुंटी सापडत नसेल तर आधी विचारा की आपण भलत्याच जागी सामान टांगत तर नाही. भिंतीतच खिळा मारला, म्हणजे स्टँडर्ड कोड बदलला, तर पुढच्या अपग्रेडला एसपीएयूच्या, म्हणजे बदललेल्या स्टँडर्ड कोडच्या, यादीत तो खिळा वर येतो, आणि मारणारा तोपर्यंत नोकरी सोडून गेलेला असतो.

ताई, तुमच्या रिपोर्टला खुंटीही लागत नाही. तो फक्त वाचतो, काही लिहीत नाही. म्हणून शिकायला रिपोर्टइतकं सुरक्षित काही नाही. नाव झेड किंवा वायने सुरू करा, ती अक्षरं ग्राहकांसाठी राखून ठेवलेली आहेत. सेव्ह, अपडेट, डिलीट यातला एकही शब्द पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसावा. मग बिघडण्याची भीती उरणारच नाही.

कोरीपाटी

जुन्या पद्धतीने शिकवू नका त्यांना. आता सगळीकडे क्लीन कोअरचा, म्हणजे स्टँडर्डला हात न लावण्याचा, आग्रह आहे. अबॅप क्लाउड, सीडीएस व्ह्यू (टेबलांची जोडणी डेटाबेसमध्येच करणारे), रॅप हे अबॅपचं नवं मॉडेल, एक्लिप्स एडिटरमधून काम. एसई३८ या जुन्या एडिटरमध्ये 'राइट' लिहून सुरुवात केली तर पाच वर्षांनी सगळं विसरावं लागेल. ईसीसीचा मुख्य मेंटेनन्स २०२७ अखेरपर्यंतच आहे. शिवाय एस/४मध्ये 'कस्टम फील्ड्स' नावाचं फिओरी अ‍ॅप आहे, त्यातून कोडची एक ओळ न लिहिता पीओवर फील्ड वाढवता येतं.

पूर्णविराम

कोरीपाटी, दिशा बरोबर आहे. सीडीएस शिकावंच लागेल आणि फील्ड वाढवायला ते अ‍ॅपच वापरावं. पण ज्याला एक्पो आणि एक्बेचं नातं कळत नाही त्याला सीडीएस व्ह्यू शिकवला तर तो नुसती नक्कल करेल. पहिले दोन महिने एसई३८ चालेल. आधी नातं, मग व्ह्यू.

आणि त्याच्याही आधी एसक्यूव्हीआय. क्विकव्ह्यूअर. त्यात तीन टेबलं पडद्यावर मांडायची, मधे रेघा ओढायच्या, निवडीचे आणि दाखवायचे रकाने टिचकी मारून ठरवायचे. कोड शून्य. एक्को, एक्पो, एकेट जोडून बघा ताई. एका ओळीच्या तीन तारखा असतील तर ती ओळ तीनदा दिसेल आणि तुम्ही दचकाल. तेच शिकायचं आहे. जोडणी केली की ओळी का वाढतात, हे ज्याला एकदा डोळ्यांनी दिसलं त्याचे पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

खतावणी

एसक्यूव्हीआय केलं. खरोखर दचकले. ४० ओळींच्या ९६ झाल्या. एकेटमध्ये एकाच ओळीच्या चार-चार हप्त्यांच्या तारखा होत्या. आम्हाला यादीत शेवटची तारीख लागते, म्हणजे प्रत्येक ओळीची सर्वांत मोठी तारीख घ्यायची, बरोबर ना?

आता एक्बेबद्दल विचारते. एकाच पीओच्या ओळीला त्यात दहा-बारा नोंदी आहेत. कुठली जीआरची, कुठली बिलाची, ते कसं ओळखायचं?

रात्रपाळी

तारखेचं बरोबर.

एक्बेमध्ये 'व्हीगाबे' नावाचं फील्ड आहे. १ असेल तर मालाची आवक, २ असेल तर बिल. आणि 'एसएचकेझेडजी' बघा, त्यात एस किंवा एच असतं. एस म्हणजे नावे, एच म्हणजे जमा. प्रमाण टेबलात नेहमी अधिकच लिहिलेलं असतं, वजा चिन्ह तुम्हाला त्या अक्षरावरून लावायचं आहे. १०१ या हालचाल-प्रकाराने माल घेतला की एस, १०२ने ती नोंद उलटवली की एच. हे विसरलं की उलटवलेला माल दुप्पट मोजला जातो. दरवर्षी एखाद्या नव्या मुलाच्या रिपोर्टमध्ये मला हे सापडतं.

पूर्णविराम

प्रोग्रॅम लिहायच्या आधी आणखी एक करा. सिस्टिममधून पाच पीओ हाताने निवडा : माल पूर्ण आला पण बिल नाही असा एक, अर्धा माल आणि अर्धं बिल असा एक, १०२ झालेला एक, क्रेडिट मेमो (बिल कमी करणारी नोंद) आलेला एक, आणि ओळ रद्द केलेला एक. प्रत्येकाचं उत्तर कागदावर आकड्यात लिहा. प्रोग्रॅमने हीच पाच उत्तरं दिली पाहिजेत. आम्ही याला टेस्ट केस म्हणतो आणि लोक ते शेवटी लिहितात, म्हणजे प्रोग्रॅमने दिलेलं उत्तरच बरोबर धरून लिहितात. तुम्ही आधी लिहा. हे पाच पीओ निवडायला जो अनुभव लागतो तो तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

मग प्रोग्रॅमचा सांगाडा मराठीतच लिहा, काही बिघडत नाही :

निवडीच्या पडद्यावर कंपनी कोड, खरेदी गट, तारखेची मर्यादा घे.
एक्को आणि एक्पो जोडून ओळी आण, रद्द केलेल्या सोडून.
त्या ओळींचा एक्बेमधला इतिहास एकाच वेळी आण.
प्रत्येक ओळीसाठी आवक आणि बिल चिन्हासकट बेरीज कर.
आवक बिलापेक्षा जास्त असेल तरच यादीत ठेव.
एकेटमधून शेवटची तारीख लाव.
एएलव्ही या एसएपीच्या तयार तक्त्यामध्ये दाखव.

या सात ओळी तुमच्या प्रोग्रॅममध्ये कॉमेंट म्हणून ठेवा आणि एकेक ओळीखाली कोड भरत जा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायला विसरू नका, अबॅपमध्ये वाक्य तिथेच संपतं. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

'एकाच वेळी आण' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लूपच्या आत सिलेक्ट, म्हणजे टेबलातून ओळी आणायची आज्ञा, लिहू नका. हजार ओळींसाठी डेटाबेसकडे हजार फेऱ्या होतात. गोदामात दहा वस्तू आणायच्या असतील तर आपण दहा खेपा करत नाही, चिठ्ठी घेऊन एकदाच जातो. अबॅपमध्ये त्या चिठ्ठीला 'फॉर ऑल एंट्रीज' म्हणतात. जोडणीने होत असेल तर जोडणी त्याहून बरी.

पिंपळपान

ओडूतही अगदी हेच. लूपमध्ये 'सर्च' टाकला की शंभर ओळींवर चालणारं काम दहा हजार ओळींवर रेंगाळतं.

(आणि मघाशी मी पायथनचा आग्रह धरला, पण पाच पीओंची कल्पना वाचून वाटलं की मीही माझ्या पुढच्या मॉड्यूलला असंच करावं. धन्यवाद.)

खतावणी

अठरा दिवसांनी परत आले. सांगायला आनंद होतोय की प्रोग्रॅम चालला! पाचपैकी चार पीओंची उत्तरं पहिल्याच फटक्यात जुळली. पाचवा, क्रेडिट मेमोचा, चुकला, कारण मी आवकेला चिन्ह लावलं होतं आणि बिलाला लावायचं राहिलं होतं. डीबगर उघडायला शिकले. कमांडच्या चौकटीत स्लॅश एच टाकून एफ५ने एकेक पायरी पुढे जायचं. आतल्या टेबलात ओळी भरताना प्रत्यक्ष दिसतात. महिनाभराच्या व्हिडिओंनी जे समजलं नाही ते त्या एका दुपारी समजलं.

पण आज वेगळंच झालं. डेव्हलपमेंटमध्ये दोन सेकंदांत चालणारा रिपोर्ट क्वालिटी सिस्टिममध्ये नेला आणि तिथे तो वीस मिनिटं चालून मेमरी संपल्याच्या डंपने (त्रुटीच्या अहवालाने) बंद पडला. मी तर मुद्दाम एकही पीओ नसलेला खरेदी गट टाकला होता, 'नोंद नाही' असा संदेश नीट येतो का बघायला.

रात्रपाळी

फॉर ऑल एंट्रीज! तुमची चिठ्ठी कोरी होती. चिठ्ठीचं टेबल रिकामं असेल तर अबॅप 'काही नको' असा अर्थ घेत नाही. त्या टेबलावर अवलंबून असलेलीच नव्हे, तर सगळीच अट गळते आणि अख्खं एक्बे उचललं जातं. डेव्हलपमेंटमध्ये एक्बेमध्ये दोन-तीनशे ओळी असतील, म्हणून कळलं नाही. क्वालिटीत लाखोंनी आहेत. सिलेक्टच्या आधी टेबल रिकामं आहे का ते तपासा, असेल तर संदेश दाखवून तिथेच थांबा.

हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतं. तुमच्या हातून क्वालिटीत झालं, उत्तम झालं. डेव्हलपमेंट, क्वालिटी, प्रॉडक्शन अशा तीन सिस्टिम ठेवतात त्या याचसाठी.

कोरीपाटी

अभिनंदन! एटीसी या कोड तपासणाऱ्या साधनाची तपासणी चालवून बघा. रिकाम्या टेबलाची तपासणी राहिली, लूपमध्ये सिलेक्ट राहिला, अशा गोष्टी ते आधीच दाखवतं. आणि हे जमलं की तुमचीच जोडणी सीडीएस व्ह्यूमध्ये लिहा. बेरीज आणि चिन्ह दोन्ही डेटाबेसमध्येच होईल, चिठ्ठीची गरजच उरणार नाही. पूर्णविरामांचं म्हणणं मला आता पटलं, आधी नातं कळलं म्हणूनच हे पटकन जमेल.

पूर्णविराम

ताई, दोन गोष्टी राहिल्यात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली, अधिकार. स्टँडर्ड पडद्यावर तुम्हाला दुसऱ्या खरेदी गटाचे पीओ दिसत नसतील, तर ते काम अधिकाराची तपासणी करते. तुमच्या झेड रिपोर्टमध्ये ती आपोआप येत नाही. लिहिली नाही तर ज्याला रिपोर्ट चालवता येतो त्याला सगळ्यांचे भाव दिसतात. 'ऑथॉरिटी चेक' लिहा, खरेदी गटासाठी एम_बेस्ट_ईकेजी, प्लँटसाठी एम_बेस्ट_डब्ल्यूआरके. व्हिडिओत हे क्वचितच शिकवतात आणि लेखापरीक्षणात सर्वांत आधी हेच विचारतात.

दुसरी, चलन. प्रमाणाशेजारी रक्कमही दाखवत असाल तर एक्बेमध्ये दोन रकमा असतात, 'डब्ल्यूआरबीटीआर' नोंदीच्या चलनात आणि 'डीएमबीटीआर' कंपनीच्या चलनात. एकूण बेरीज करायची तर दुसरीचीच करा. येन आणि युरो एकत्र मिळवलेला आकडा दिसायला छान दिसतो, त्याला अर्थ काही नसतो.

रात्रपाळी

अधिकारांवरून आठवलं, आणि रिपोर्टनंतर तुम्ही पुढे जाणारच म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. एका ठिकाणी विक्रीची ऑर्डर सेव्ह होताना चालणाऱ्या एक्झिटमध्ये कुणीतरी झेड टेबलात नोंद करून लगेच 'कमिट वर्क' लिहिलं होतं. नोंद पक्की झाली. त्यानंतर स्टँडर्ड प्रोग्रॅमला पुढे त्रुटी सापडली आणि ऑर्डर सेव्ह झालीच नाही. झेड टेबलात ऑर्डर आहे, सिस्टिममध्ये नाही. त्या टेबलावरून दुसरा प्रोग्रॅम गाड्या ठरवायचा. नसलेल्या ऑर्डरसाठी गाडी का आली, हे शोधायला मला तीन रात्री लागल्या.

खुंटीला सामान अडकवलं तरी घर दुसऱ्याचं आहे. सेव्हचा व्यवहार कधी पक्का करायचा ते स्टँडर्ड ठरवतं. एक्झिटमध्ये कमिट नाही, रोलबॅक नाही.

खतावणी

दोन्ही दुरुस्त्या केल्या, एटीसीत आता एकही लाल खूण नाही. पूर्ण महिन्याचा डेटा घेऊन एमबी५एसशी ताडून बघितला. १,१४० ओळींपैकी १,१२८ जुळल्या. बारा ओळी माझ्या यादीत आहेत, एमबी५एसमध्ये नाहीत. सगळ्या दोन-तीन वर्षं जुन्या, किरकोळ शिलकीच्या. दोन दिवस डीबगरमध्ये बसले, गणित कुठेच चुकत नाही.

पूर्णविराम

गणित चुकत नसेल तर कदाचित अट अपुरी आहे. त्या बारांपैकी एकाचा पीओ उघडून इतिहासाचा टॅब बघा. तुम्ही १ आणि २ एवढेच प्रकार घेताय. तिसरं काही दिसतंय का?

खतावणी

सापडलं! इतिहासात आवक आणि बिलाखाली तिसरा गट आहे, खाते देखभालीचा. अकाउंट्समधल्या ताईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, वर्षअखेरीला जुन्या, बिल न येणाऱ्या शिल्लकी आम्ही एमआर११ने मिटवतो, तुला माहीत नव्हतं?" नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या दालनात बसते, माहीत नव्हतं. त्यांचीही एक गोष्ट निघाली. त्या दरवर्षी एमआर११ चालवायच्या आधी कुठल्या शिल्लकी खरोखर मेल्या आहेत ते आम्हाला ईमेलवर विचारतात आणि आमच्याकडून अर्ध्यांची उत्तरं जातच नाहीत.

अट वाढवली. बाराच्या बारा ओळी गेल्या, दोन्ही याद्या जुळल्या. प्रोग्रॅम पुढच्या सिस्टिममध्ये नेणारी ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट काल आयटीने तपासली, शुक्रवारी प्रॉडक्शनला जाईल. अकाउंट्सच्या ताईंना त्याच रिपोर्टमध्ये एक वर्षाहून जुन्या ओळी वेगळ्या रंगात हव्या आहेत. एएलव्हीमध्ये ओळीला रंग कसा देतात?

रात्रपाळी

आतल्या टेबलात रंगासाठी चार अक्षरांचा एक जादा रकाना घ्या, आणि लेआउटमध्ये 'इन्फो_फील्डनेम' ला त्या रकान्याचं नाव द्या. सी६१० भरलं की ओळ लाल. पण भडक लाल यादी कुणी वाचत नाही, सी३१० म्हणजे पिवळा देऊन बघा.